विद्यापीठाच्या बैठकीला आपला माणूस जातो तेव्हा
(इलाक्यातल्या ग्रामसभांच्या बैठकीत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने झालेले भाषण. ज्या गावांना येता आले नाही त्यांनी हे ग्रामसभेत मोठ्याने वाचावे.)



इथं जमलेल्या सगळ्या आया-बाया, भूमिया, गाव पाटील, पुजारी, वनहक्क समितीचे सगळे सदस्य आणि आमच्यासारखी पोरं-पोरी,

आज जमिनीच्या दाव्यांवर सकाळपासून बोलणं झालं. आता जो विषय आहे तो काही जणांना लहान वाटेल. कॉलेजची समिती, कृषी विज्ञान केंद्राची समिती, विद्यापीठाचं सल्लागार मंडळ, अशा ठिकाणी आता आपल्या माणसांना बोलावणं येऊन राहिलं आहे. कोणाला पत्र येतं, कोणाला फोन येतो. "तुम्ही समाजाचे जाणते, तुम्ही या, सल्ला द्या," असं म्हणतात. आपला माणूस जातो, बसतो, सही करतो, येतो. यात आपलं काय पणाला लागलेलं असतं ते आज समजून घेऊ.

पहिले एक गोष्ट साफ सांगतो. विद्यापीठ आपलं दुश्मन नाही. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी. त्याच्या आधी सगळा कारभार नागपूर विद्यापीठाचा होता. मार्कशीटमधलं एक अक्षर चुकलं तरी नागपूर गाठावं लागे. सिरोंच्याच्या पोराला गडचिरोलीच २०० किलोमीटरच्या आसपास, तिथून पुढं नागपूर वेगळं. म्हणून विद्यापीठ जवळ आलं ते चांगलंच झालं. नाव तर आपल्या गोंडवान्याचं आहे. पण नाव आपलं असलं म्हणून कारभार आपोआप आपला होत नाही. तो समजून घ्यावा लागतो.

तं विद्यापीठ चालवतं कोण? महाराष्ट्रात यासाठी २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे. त्यात वेगवेगळी मंडळं आहेत. व्यवस्थापन परिषद पैसा, मालमत्ता, करार, कारभार पाहते. विद्या परिषद शिक्षणाचं धोरण पाहते. अभ्यास मंडळ कोणत्या विषयात काय शिकवायचं ते ठरवतं. आणि अधिसभा आहे, तिच्यात निवडून आलेले लोक असतात. अधिसभेवर नोंदणी झालेल्या पदवीधरांमधून १० जण निवडून जातात, त्यात एक जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे.

आता बघा. या निवडणुकीत मत द्यायला पदवी पाहिजे आणि नावाची नोंद पाहिजे. आमच्यासारखे बारावीपर्यंत शिकलेले त्यात बसत नाहीत. जंगलातलं कोणतं झाड कोणत्या महिन्यात फुलते, कोणत्या डोहात मासे अंडी घालतात, कोणत्या सालीनं ताप उतरतो हे ज्या आजा-आजीला माहीत आहे, ते तं शाळेतही गेले नाहीत. त्यांच्यासाठी त्या घराचं एकच दार उघडं आहे, सल्लागाराचं. म्हणून हे दार आपण बंद करू नये. पण या दारातून आत गेल्यावर आपण कोणत्या खोलीत बसलो आहोत हे माहीत पाहिजे. सल्लागार मंडळ सल्ला देते. निर्णय दुसऱ्या खोलीत होतो. दिलेला सल्ला तिथपर्यंत पोचला का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

बैठकीत काय होतं तेही आपण पाहिलं आहे. विषयपत्रिका तिथं गेल्यावरच हातात मिळते. अर्धी इंग्रजीत असते. साहेब लोक बोलतात, पडद्यावर चित्रं दाखवतात. शेवटी आपल्या माणसाला दोन मिनिटं देतात. तो बिचारा जंगल, पाणी, पोरांचं वसतिगृह, सगळं दोन मिनिटांत सांगू पाहतो. मग शाल, नारळ, फोटो, जेवण. निघताना एका कागदावर सही. गावात आल्यावर लोक विचारतात, काय झालं? तो म्हणतो, "चांगलं झालं." यात त्याचा दोष नाही. त्याला आपण काही सांगून पाठवलं नव्हतं आणि आल्यावर ग्रामसभेत बसवून ऐकलंही नव्हतं. तो एकटा गेला, एकटा आला.

आपली रीत अशी नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना माहीत आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावाची. २००९ मध्ये त्यांना १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला. पण हे एका दिवसात झालं नाही. तिथं कित्येक वर्षं अभ्यासगट चालला. गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा, जंगल, हिशोब समजून घेत. अभ्यासगटात नुसती चर्चा होई. निर्णय ग्रामसभेत होई, आणि तोही सर्वांच्या संमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं. जाणत्यानं सल्ला द्यायचा आणि गावानं ठरवायचं, ही रीत आपल्याला विद्यापीठाकडून शिकायची गरज नाही. उलट विद्यापीठानं ती आपल्याकडून घ्यावी.

आता धोके सांगतो. दोन आहेत.

पहिला धोका जमिनीचा. कोणतीही मोठी संस्था वाढते तेव्हा तिला जागा लागते. इमारत, वसतिगृह, प्रयोगाची शेती, औषधी वनस्पतींची बाग. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. पण एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत अशी, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. त्याहून मोठं काही असेल तर केंद्राच्या पर्यावरण खात्यानं ३ ऑगस्ट २००९ ला पत्रक काढलं होतं. त्यात ग्रामसभेची संमती मागितली होती. ही संमती कशी घ्यायची? ग्रामसभेत निम्मे तरी लोक हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. असं वनहक्काच्या नियमात लिहिलं आहे.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साईटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधी ग्रामसभांना विचारा. त्याच वर्षी १२ गावांत ग्रामसभा झाल्या. डोंगरिया कोंध आणि तिथल्या दुसऱ्या लोकांनी बाराही गावांत नाही म्हटलं. खाण थांबली. तिथं कोणी "समाजाच्या प्रतिनिधीला विचारलं होतं" असं सांगून सुटू शकलं नाही. कोर्टानं गावाला विचारायला लावलं.

म्हणून हे पक्कं ध्यानात ठेवा. सल्लागार मंडळातल्या आपल्या माणसाची सही म्हणजे गावाची संमती नाही. तो मान हलवो, चहा पिवो, फोटोत उभा राहो, जमीन आणि जंगलाबद्दल हो किंवा नाही म्हणायचा हक्क त्याच्या खिशात नसतो, ग्रामसभेजवळ असतो. हे त्यानंच पहिल्या बैठकीत सांगावं आणि लिहून घ्यायला लावावं.

दुसरा धोका ज्ञानाचा. केरळात कानी नावाचे आदिवासी आहेत. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञ त्यांच्यासोबत जंगलात फिरत होते. शास्त्रज्ञ थकले, कानी थकत नव्हते. ते एका झुडपाची फळं खात होते. विचारून विचारून ती वनस्पती शास्त्रज्ञांना कळली, आरोग्यपच्चा तिचं नाव. तिच्यापासून तिथल्या संशोधन संस्थेनं औषध केलं आणि एका कंपनीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के घेऊन बनवायला दिलं. त्यातला अर्धा हिस्सा संस्थेनं कानी लोकांना द्यायचं ठरवलं, त्यासाठी १९९७ मध्ये ट्रस्ट झाला. देशात असा वाटा मिळायची ही सुरुवातीची गोष्ट, म्हणून तिचं कौतुक होतं. पण कानी लोकांतच भांडण लागलं. माहिती दोघा-तिघांनी दिली होती, आणि ज्ञान तं सगळ्या कानी लोकांचं होतं. दुसऱ्या भागातले कानी म्हणाले, आम्हाला कोणी विचारलंच नाही.

ही गोष्ट आपल्याला लागू आहे. आपल्या पुजाऱ्याला सल्लागार म्हणून बोलावलं आणि मोठ्या मनानं त्यानं सगळी जडीबुटी सांगून टाकली, तं ती कोणाची झाली? वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधतेबद्दलचं पारंपरिक ज्ञान आणि त्यावरची बौद्धिक संपदा हा समाजाचा सामूहिक हक्क म्हटला आहे. सामूहिक म्हणजे सगळ्यांचा. तो एकट्यानं द्यायचाही नाही आणि एकट्यानं विकायचाही नाही.

काही साथी म्हणतात, एवढे धोके आहेत तं जायचंच काहून? आम्हाला हे पटत नाही. आपण गेलो नाही तं ती खुर्ची रिकामी राहणार नाही. आपल्या नावानं कोणी ठेकेदार, कोणी पुढारी जाऊन बसेल आणि "आदिवासींना असं वाटतं" म्हणून सांगेल. आणि विद्यापीठाकडून आपल्याला घ्यायचंही पुष्कळ आहे. जाताना मोघम "विकास करा" म्हणू नये. नेमकं मागावं. आम्ही काढलेली मागणी अशी:

एक. उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक. मार्च-एप्रिल मोहाचा, मे महिना तेंदूचा. त्याच दिवसांत पेपर असतात. ज्या घराचं वर्षाचं मीठ-मिरची तेंदूच्या फळीवर ठरते, त्या घरची पोरगी पेपर द्यायला गेली तं पुडे बांधणारे दोन हात कमी होतात. वेळापत्रक ठरवताना हा हंगाम समोर ठेवा.

दोन. ग्रामसभांना आज जे लागतं ते शिकवा. बांबू, तेंदूचा लिलाव, वाहतूक परवाना, कॅशबुक, जीपीएसनं हद्द मोजणं, जंगलाचा व्यवस्थापन आराखडा. आणि ज्याची पदवी नाही त्यालाही शिकता यावं.

तीन. जो विद्यार्थी, जो प्राध्यापक आपल्या गावात अभ्यासाला येईल, त्यानं आधी ग्रामसभेत येऊन सांगावं आणि काम झाल्यावर त्याची प्रत मराठीत ग्रामसभेला द्यावी, गोंडी-माडियात समजावून सांगावी. आपली माणसं तासन् तास प्रश्नांची उत्तरं देतात आणि त्याचं पुस्तक नंतर कधीच दिसत नाही, हे बंद व्हावं.

चार. गोंडी, माडिया भाषा अभ्यासाचा विषय व्हाव्यात, आणि ती शिकवायला ती बोलणारी माणसं घ्यावीत.

आता आपण स्वतःसाठी काय नियम करायचे? आम्ही सुचवतो. नाव ग्रामसभेनं किंवा इलाक्यानं ठरवावं. विद्यापीठानं परस्पर ठरवलेल्या नावाला "इलाक्याचा प्रतिनिधी" म्हणू नये. एकटा पाठवू नये, दोघं पाठवावे. एक जाणता, एक वाचता येणारा, आणि दोघांत एक बाई. विषयपत्रिका १० दिवस आधी मराठीत मागावी आणि ग्रामसभेत वाचावी. हजेरीशिवाय दुसऱ्या कागदावर तिथल्या तिथं सही करू नये, "गावात वाचून सांगतो" म्हणावं. बैठकीचं इतिवृत्त मागावं. नाही दिलं तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकावा. आल्यावर पुढच्या ग्रामसभेत सगळं सांगावं. दोन वर्षांनी माणूस बदलावा. आणि जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी आणि भाडं विद्यापीठानं द्यावं. प्राध्यापकाला पगारी दिवस असतो, आपल्या माणसाचा दिवस बुडतो.

खाली ठरावाचा मसुदा देतो. जुळला तर घ्या, नाही जुळला तर आपल्या गावाप्रमाणे बदला.

"आमच्या ग्रामसभेने असे ठरवले की, विद्यापीठ, महाविद्यालय किंवा कोणत्याही संस्थेच्या सल्लागार मंडळावर आमच्या गावाच्या वतीने जाणारी व्यक्ती ही ग्रामसभेने निवडलेली असेल. ती व्यक्ती सल्ला देईल. जमीन, जंगल, पाणी आणि पारंपरिक ज्ञान याबाबत संमती देण्याचा अधिकार तिला नाही. तो अधिकार ग्रामसभेचा आहे व राहील. या ठरावाची प्रत संबंधित संस्थेस पोच घेऊन देण्यात यावी."

तेंदूच्या आधी ज्या ग्रामसभा होतील त्यात हा ठराव घ्या. एक प्रत गावात, एक संस्थेला, एक संघटनेच्या कार्यालयात. पोच घ्यायला विसरू नका.

जय सेवा!