हळदीच्या डागाचा धडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विज्ञानावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला हसूच आले. जिचा जन्म स्वयंपाकघरात गेला, तिने विज्ञानावर काय बोलावे? पण नुकतीच घरी एक गोष्ट घडली, तीच सांगते.

हळदीकुंकवाहून आले, तो माझ्या पातळाच्या पदराला हळदीचा डाग. धुण्याचा साबण लावताच तो लाल झाला. नात शेजारीच होती. "आजी, पिवळ्याचं लाल कसं गं झालं?" मी म्हटले, "साबणानं होतं तसं. जा, अभ्यास कर." पोर हिरमुसून निघून गेली.

रात्री आठवले, लहानपणी हाच प्रश्न मी आईला विचारला होता आणि मलाही हेच उत्तर मिळाले होते. त्यानंतर मी विचारणेच सोडले. जन्मभर डाग धुतले, पण 'का' म्हणून विचारले नाही. नातीचेही मी तेच करायला निघाले होते!

दुसऱ्या दिवशी तिला हाक मारली. दोन वाट्यांत हळदीचे पाणी घेतले. एकीत धुण्याचा सोडा टाकला; पाणी तांबडे झाले. त्यातच लिंबू पिळले. फसफसून ते पुन्हा पिवळे! दुसरी वाटी तुलनेला तशीच ठेवली. मग पुस्तकात पाहिले. हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याला कर्क्युमिन म्हणतात. सोडा, साबण, चुना हे अल्कधर्मी पदार्थ. त्यांच्या संगतीत ते लाल होते आणि आम्लाने पुन्हा पिवळे होते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तर आपल्याला कुंकवामुळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. कपाळी रोज रसायनशास्त्र लावीत होतो, ओळख मात्र नव्हती!

मग वाचनाचा नाद लागला आणि आग्नेस पॉकेल्स ही जर्मन बाई भेटली. तिचा जन्म १८६२ चा. मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती, म्हणून ती घर सांभाळी, आईवडिलांची शुश्रूषा करी. भांडी घासताना तेलकट, साबणाच्या पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो, हे ती पाहत राहिली. पत्र्याच्या पसरट भांड्यात पाणी भरून, वर पत्र्याची पट्टी सरकवून तिने पृष्ठताण मोजला. धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकत होता, तो तिला पुस्तके पुरवी. १८९१ साली तिने इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. त्यांनी ते 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठविले आणि ते छापून आले. १९३२ साली, सत्तराव्या वर्षी, तिला सन्मान्य डॉक्टरेट मिळाली. मैत्रिणींनो, भांडी तर आपणही घासतो!

आपल्यापैकी प्रत्येकीला पॉकेल्स होता येईल असे नाही. पण आपल्या घरातले 'का' आपण मारू नये, एवढे तर हाती आहे. उत्तर ठाऊक नसेल, तर "चल, करून पाहू" म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

आता नात रोज एक प्रश्न घेऊन येते. काल विचारीत होती, विरजणाचं दही थंडीत उशिरा का लागतं? उद्या दोन भांडी लावणार आहोत, एक उबेला आणि एक ओट्यावर. काय होते ते पुढच्या सभेत सांगेन. आपणही एकेक 'का' घेऊन यावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.