भिंत कोरी करताना

तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि आम्हा दोघांचेही गुडघे कुरकुरायला लागलेले. तेव्हा कोथरूडचा जुना फ्लॅट विकायचं आम्ही ठरवलं. लिफ्ट असलेल्या इमारतीत एक लहान जागा पसंत केली, विसारही दिला. उरलेली रक्कम चार महिन्यांत द्यायची होती आणि ती जुनं घर विकूनच उभी राहणार होती. आम्ही निर्धास्त होतो. वस्ती चांगली, पाण्याची ददात नाही आणि मुख्य म्हणजे आमचा हॉल!

तो हॉल म्हणजे यजमानांचा जीव की प्राण. निवृत्तीनंतर त्यांनी त्याचा अगदी आदिवासी पाडा करून टाकला होता. एक अख्खी भिंत गेरूच्या रंगाची, तिच्यावर पांढऱ्या रंगात वारली चित्रं. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं. वर बांबूच्या चटयांचं खोटं छत, कोपऱ्यात दोन लाकडी खांब, भिंतीवर सुपं, बसायला मोढे. सारं मिळून ऐंशी हजार रुपये लागले होते. पाहुणा आला की पहिली पाच मिनिटं ती भिंतच बघायचा.

घर बघायला लोक येऊ लागले. प्रत्येक जण म्हणायचा, ‘‘वा! किती सुंदर! अगदी एखाद्या हॉटेलात आल्यासारखं वाटतं.’’ आम्ही खूश. पण गेलेला माणूस पुन्हा फिरकत नसे. असे दोन महिने गेले. एकदा एक बाई भिंतीजवळ गेल्या, त्यांनी बोटाने रंग खरवडून पाहिला आणि नवऱ्याला हळूच विचारलं, ‘‘हे सगळं काढायला किती खर्च येईल हो?’’ यजमानांनी ते ऐकलं आणि काही न बोलता आतल्या खोलीत निघून गेले.

त्या संध्याकाळी एजंट म्हणाला, ‘‘काकू, रागावू नका. लोक तुमचं घर बघायला येतात आणि तुमचंच घर बघून जातात. त्यांना स्वतःचं घर दिसतच नाही.’’

मी विचार करू लागले. दहा बाय पंधराचा हॉल. खांबांनी दोन्ही कोपरे अडवलेले. साडेनऊ फुटांचं छत चटयांमुळे आठ फुटांवर आलेलं. गडद भिंत उजेड गिळून टाकायची, म्हणून दिवसाही दिवा लावावा लागायचा. येणाऱ्या माणसाच्या डोक्यात प्रश्न साधे असतात. सोफा कुठे ठेवायचा? टीव्ही कुठे? आईचा पलंग बसेल का? आमची भिंत त्याला विचारच करू देत नव्हती. शिवाय ते सगळं उतरवण्याचा खर्च तो मनातल्या मनात किमतीतून वजा करत होता. आमचे ऐंशी हजार आमच्या हौसेचे होते, त्याच्या हिशेबात ते उणेच होते.

मुलाच्या खोलीचंही तेच. निळ्या भिंती, ग्रह-तारे, रॉकेट. मुलगा नोकरीला लागून परगावी गेला तरी ती तशीच होती. एक चाळिशीचं जोडपं त्या खोलीच्या दारात थबकलं. बाई म्हणाल्या, ‘‘ही मुलांची खोली वाटतं? आम्ही दोघंच असतो.’’ आणि आत पाऊलही न टाकता वळल्या. ती खोली रिकाम्या भिंतींची असती तर त्यांनी तिथे पुस्तकांचं कपाट कल्पिलं असतं, शिलाई मशीन कल्पिलं असतं. आमच्या रॉकेटने त्यांना नको ती आठवण करून दिली. तो प्रसंग आजही माझ्या मनातून जात नाही.

रंगाऱ्याला बोलवायचं ठरलं, पण यजमान तयार होईनात. तेव्हा मी त्यांना आमच्या डहाणूकडच्या जुन्या प्रवासाची आठवण दिली. वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणी काढतात. तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने. चौकात पालघाट देवी असते. लग्न पार पडतं, पुढे भिंत सारवली जाते, चित्र जातं. पुढच्या लग्नाला नवं. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर, कापडावर नेली आणि जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी म्हटलं, ‘‘ज्यांची ही कला, ते भिंतीला धरून बसत नाहीत. मग आपण का बसायचं?’’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आधी एक फोटो काढून ठेव.’’

काम सहा दिवस चाललं. चटया उतरवल्या, खांब काढले, खिळ्यांची भोकं लांबीने बुजवली. गेरूचा रंग खालून डोकावत राहतो, म्हणून प्रायमरचे दोन हात दिले आणि वर साधा मोतिया रंग. देवघर, तुळस, रोजच्या वापराच्या खुर्च्या तशाच ठेवल्या. घर ओकंबोकं करायचं नव्हतं, फक्त त्याचा वेश उतरवायचा होता. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळली. न्हाणीघरामागच्या भिंतीला थोडी ओल होती. ती रंगाखाली झाकली नाही, आधी दुरुस्त केली आणि येणाऱ्याला सांगितलीही. सजावट उतरवणं वेगळं आणि दोष लपवणं वेगळं.

तिसऱ्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. कौतुकाचा एक शब्द नाही. मुलीने खिडकीपासून पावलं मोजली आणि म्हणाली, ‘‘आईंचा पलंग इथे लावू, उजेड छान येतो.’’ यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. घर विकलं गेलं, हे आम्हाला त्याच क्षणी कळलं. विसाराची मुदत संपायला तेव्हा अठरा दिवस उरले होते.

नव्या घरात यजमानांनी पुन्हा तारपा काढला आहे. या वेळी तीन बाय दोनच्या प्लायवूडवर. तो एका खिळ्यावर टांगलेला आहे.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)