गटाच्या गाडीचा स्पीकर

मंगळवेढ्याच्या बाजाराला ज्वारी नेणाऱ्या गटाच्या गाडीतला स्पीकर खरखरला, की लगेच नवा घेऊ नका. आधी दोन्ही बाजूंच्या वायरी अदलाबदल करून बघा. खरखर दुसऱ्या बाजूला गेली, तर स्पीकर चांगला आहे. दोष टेपात किंवा वायरीत आहे. तिथंच राहिली, तर स्पीकर गेला.

मग जुना काढून दुकानात सोबत न्या. भोकाचं माप, खोली आणि मागं लिहिलेले ओहम जुळले पाहिजेत. बहुतेक गाड्यांत ते ४ असतात. खोक्यावरच्या मोठ्या वॅटला भुलू नका, ‘आरएमएस’ आकडा विचारा. गाडीतला साधा टेप एका स्पीकरला १५-२० वॅटच देतो. वाजवून ऐका, पावती घ्या, गटाच्या वहीला लावा. पैसा दहाजणींचा आहे.