तीन रूळ आणि एक बोली



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा बोनसची किंवा किमान वेतनाची असावी. आम्ही सांगितले, घरातल्या निरनिराळ्या जातींचे संगणक एकत्र कसे नांदवावेत, यावर बोलू. तेव्हा त्यांनी आमच्याकडे जरा काळजीनेच पाहिले. सातवीत शाळा सुटलेल्या आणि हमालांच्या संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे आपल्यालाही वाटत असेल. त्याचे उत्तर मिरज स्टेशनात आहे.

आमचे वडील मिरजेस हमाल होते. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर हा रस्ता रुंद रुळाचा झाला. पण बेळगावकडे जाणारा रूळ मीटरचाच राहिला, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी जुन्या बार्शी लाइटची गाडी अडीच फुटी रुळावरच धावत राहिली. एका स्टेशनात साडेपाच फूट, एक मीटर आणि अडीच फूट अशी तीन मापे! एका रुळाचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नाही. मग पोती एका डब्यातून उतरवायची आणि दुसऱ्यात चढवायची. दोन रुळांमधले अंतर माणसाच्या पाठीने भरून काढले जाई. त्या पाठींपैकी एक आमच्या घरची होती.

पुढे आम्ही संघटनेच्या कामाला लागलो. सांगलीत आमच्या राहत्या घराच्या पुढल्या खोलीत कचेरी, आणि माडीवर संसार. कचेरीत विंडोजचा संगणक होता. मुलगी नोकरीला लागली, तिने ॲपलचा आणला. एका तरुण सभासदाने कुणी टाकून दिलेले जुने यंत्र उचलून आणले व त्यावर लिनक्स घातले. तीन यंत्रे, तीन तऱ्हा, आणि तिघांचे एकमेकांशी बोलणे नाही! सभासदांची नोंदवही पेनड्राइव्हवर घालून आम्ही खाली-वर नेत असू.

एकदा आमच्या हातून जुनी फाइल नव्या फाइलीवर चढली. त्यात एका सभासदाच्या वारसाची नोंद पुसली गेली. हे आमच्या ध्यानात आले, ते तो सभासद कामावर असताना गेल्यानंतर. त्याच्या बायकोला एका कागदासाठी चार महिने हेलपाटे घालावे लागले. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. मिरजेचेच चित्र पुन्हा घडले होते. दोन यंत्रांमधले अंतर माणसाची पाठ भरून काढत होती, आणि या वेळी ती पाठ एका विधवेची होती. त्या रात्रीपासून आम्ही हा विषय शिकायला बसलो. गुरू म्हणाल तर तो लिनक्सवाला पोरगा.

पहिली गोष्ट अशी कळली की, निम्मे काम आधीच झालेले असते. घरातला राउटर हा वाड्याच्या चौकासारखा आहे. दारातून जो यंत्रवाला आत येतो, त्याला तो एक क्रमांक देतो. बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा हा क्रमांक घरापुरताच चालतो, बाहेर त्याला किंमत नाही. आलेला विंडोजचा की ॲपलचा, हे राउटर विचारत नाही. कारण हे सर्व एकच नियम पाळतात. १९७४ साली व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान या दोघा अमेरिकनांनी त्या नियमाची मांडणी प्रसिद्ध केली, आणि १ जानेवारी १९८३ रोजी तिथले आर्पानेट नावाचे जाळे त्या नियमावर आले. त्यांची दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे. तुमच्या घरात काय चालते ते आम्ही विचारत नाही, उंबऱ्याबाहेर पडणारे पाकीट मात्र सर्वांचे एका नमुन्याचे असावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

पण पाकीट पोचले म्हणजे आतले पत्र वाचता आले, असे नव्हे. फाइल मागायची कशी, द्यायची कशी, याची निराळी बोली लागते. विंडोजच्या बोलीचे नाव एसएमबी. ॲपलची बोली वेगळी होती, युनिक्सच्या घराण्याची आणखी वेगळी. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने तारेवरून जाणारे संभाषण ऐकून ऐकून ही बोली उलगडायला घेतली. परमुलखात गेलेला मजूर बाजारात उभा राहून भाषा शिकतो, तशीच ही तऱ्हा. त्यातून 'सांबा' नावाची प्रणाली झाली, आणि ती त्याने व त्याच्या सोबत्यांनी सर्वांना फुकट खुली केली. आमच्या माडीवरचे टाकाऊ यंत्र आज नोंदवही सांभाळते, ते याच सांबाच्या जोरावर.

येथे आमच्यातला कामगार कार्यकर्ता जागा होतो. बोली एका मालकाच्या मुठीत राहिली, तर शेजाऱ्याशी बोलायलाही त्याची परवानगी लागते. युरोपात हाच तंटा झाला. २००४ साली युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला, आणि दुसऱ्यांच्या यंत्रांना आपल्या यंत्रांशी नीट बोलता येईल एवढी माहिती खुली करावी, असे फर्मावले. कंपनी न्यायालयात गेली, आणि २००७ च्या सप्टेंबरात या मुद्द्यावर हरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांबाच्या मंडळींच्या वतीने १०,००० युरो भरून ती कागदपत्रे रीतसर मिळवण्यात आली. २०१३ पासून ॲपलनेही आपली जुनी बोली मागे ठेवून एसएमबीलाच पहिला मान दिला. पुढारलेला शेजारी होऊन कोणी आपली तऱ्हा सोडली नाही. बोलण्यापुरती एक बोली मात्र मानली.

तिसरी अडचण आपल्या मराठीची. फाइल पोचली, उघडली, आणि आत नुसते चित्रविचित्र खुणांचे गबाळे! कारण जुन्या काळी प्रत्येक मराठी फाँटचा अक्षरांचा हिशेब स्वतंत्र असे. १९९१ पासून आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. आमच्या जुन्या नोंदी युनिकोडमध्ये पुन्हा लिहिण्यात एक उन्हाळा गेला, पण तो सत्कारणी लागला.

आता चौथी गोष्ट, कुलपाची. दार उघडले म्हणजे सगळ्यांना सगळे, असे करू नये. नोंदवही वाचण्याचा अधिकार तिन्ही यंत्रांना आहे, लिहिण्याचा फक्त दोघा माणसांना, आणि प्रत्येकाचे नाव व पासवर्ड वेगळा. पाहुण्यांच्या मोबाइलला वायफायचे जाळे निराळे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या उपद्रवाने जगभर संगणक कुलूपबंद केले, तो एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या फटीतूनच शिरला होता. म्हणून जुनी आवृत्ती बंद ठेवावी, आणि यंत्रे वेळच्या वेळी दुरुस्त करून घ्यावीत.

हे सारे जुळवल्यानंतर काही महिन्यांतच २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमची पुढली खोली बुडाली. कचेरीचा संगणक, कपाट, पावतीपुस्तके, सगळ्यांचा चिखल झाला. नोंदवही मात्र माडीवर कोरडी राहिली. पाणी उतरल्यावर सभासद आले, तेव्हा आपल्या घराचे काय झाले हे सांगण्याआधी कित्येकांनी विचारले, 'आमचे कागद आहेत ना?' आहेत, असे सांगता आले. पन्नाशी उलटलेल्या माणसाने केलेल्या खटाटोपाचे याहून मोठे वेतन आम्हांला ठाऊक नाही.

तरीही एक चूक उरलीच होती. माडीपर्यंत पाणी चढले असते तर? एका छपराखालच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. म्हणून आता एक प्रत कुलूप घालून येथे, आपल्या साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका सोबत्याच्या घरी ठेवलेली असते. १९४९ पर्यंत सांगली-साताऱ्याचा बराच मुलूख एकाच जिल्ह्यात नांदत होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, पण नदी एकच राहिली. अडीअडचणीला एकमेकांचे कागद सांभाळायला तेवढे नाते पुरे आहे.

रेल्वेने आपला प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. मीटरचे रूळ उखडले, छोटी गाडी गेली, सगळीकडे रुंद रूळ आला. वडिलांच्या पाठीवरचे ओझे गेले, याचे आम्हांला दुःख नाही. पण त्या ओझ्याबरोबर कितीकांची रोजीही गेली, आणि ती जाण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले नाही. रुळांना दुसरा इलाज नव्हता, लोखंडाला बोली शिकवता येत नाही. संगणकांना येते. म्हणून सगळ्यांनी एकच यंत्र घ्यावे असा आग्रह आम्ही धरत नाही. ज्याला जे परवडते, रुचते, ते त्याने वापरावे. बोली मात्र सर्वांची असावी, आणि ती कोणा एकाच्या मालकीची नसावी.

आज घरी गेल्यावर एवढेच करून पाहा. घरात जे कागद हरवले तर कोणाचे तरी नुकसान होईल, ते किती यंत्रांत आहेत, हे मोजा. उत्तर 'एक' आले, तर झोपण्यापूर्वी दुसरी प्रत करा.