तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

(अकोल्याच्या जुन्या शहरात वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



विषय सांगितल्याबरोबर मागच्या सतरंजीवरून आवाज आला, "केस गळण्यावर कायचं भाषण वं बाई? तेल विकतं का काय?" हसा, हसा. तेल मी विकत नाही, पण बरंच विकत घेतलंय. ते सगळं आधी सांगून टाकते, म्हणजे मग मोकळेपणानं बोलता येईल.

माझी मुलगी चोवीस वर्षांची. शिकलेली, नोकरी करणारी. २०२४ साली तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं. एका घरून नातेवाइकांमार्फत निरोप आला : मुलगी छान आहे, जरा भरलेली आहे. बस्, एवढंच वाक्य. हुंड्याविरुद्ध पंचवीस वर्षं भाषणं करणारी मी. 'मुलगी म्हणजे बाजारातला माल नाही' ही घोषणा मी स्वतः फलकावर रंगवलेली. आणि त्या एका वाक्यानं मी तिचा हात धरून वजन कमी करणाऱ्या केंद्रात गेले. केंद्राचं नाव घेत नाही, अशी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. पैसे मी भरले. पावती माझ्या नावावर आहे.

घटस्थापनेला सुरुवात झाली. सकाळ-संध्याकाळ पाण्यात कालवलेली पावडर, दुपारी काकडी, रात्री वाटीभर उकडलेली भाजी. नंतर हिशोब केला तेव्हा दिवसाच्या पाच-सहाशे कॅलरी भरल्या. बसून काम करणाऱ्या बाईलाही दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात, असं आपल्याकडच्या आहारतज्ज्ञांनी ठरवलेलं प्रमाण आहे. आठशेच्या खालचा आहार डॉक्टर कधीकधी देतात, नाही असं नाही. पण तो ठरावीक रुग्णांना, ठरावीक मुदतीपुरता, प्रथिनं मोजून आणि वरचेवर रक्त तपासून. आमच्या पोरीचं रक्त कोणी तपासलं नाही. वजनकाटा तेवढा होता.

दहा आठवड्यांत नऊ किलो उतरले. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. ती म्हणायची, "आई, चक्कर येते." मी म्हणायची, "सवय होईल."

जानेवारी उजाडला आणि केस जायला लागले. उशीवर केस, न्हाणीच्या मोरीत केस, एक दिवस पोळीच्या कणकेत केस. आपल्याकडे दोष द्यायला पाणी असतंच. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, इथं विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही, मग डोक्यावर घेऊन काय होणार? आधी पाणी बदललं, मग शाम्पू. जास्वंद झाली, माका झाला, कांद्याचा रस झाला. कांद्याच्या रसानं घराला वास आला, दुसरं काही नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत शेगावकडच्या बातम्या सुरू झाल्या. तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटायची आणि तीन-चार दिवसांत मूठमूठ केस हातात यायचे. बाया, पुरुष, लेकरं, कोणी सुटलं नाही. कोणी म्हणालं पाण्यातलं नायट्रेट, कोणी म्हणालं बुरशी. टक्कल व्हायरस असंही नाव पडलं. दिल्लीहून तज्ज्ञांची पथकं आली. विंचूदंशावरच्या कामामुळे ज्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावांत जाऊन आले, रक्ताचे आणि धान्याचे नमुने तपासून घेतले. त्यांचा निष्कर्ष असा की रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं द्रव्य इथल्या गव्हापेक्षा कितीतरी पट जास्त होतं आणि लोकांच्या रक्तात जस्त कमी होतं. पुढं काहींची नखंही गळाली. अनेकांचे केस हळूहळू परत यायला लागले. पण ज्या गव्हावर गरिबाचं पोट चालतं त्याची तपासणी कोण करतं, हा प्रश्न काही केसांबरोबर उगवून निघत नाही.

त्या बातम्यांनी मी घाबरले. शेगाव इथून लांब नाही. मुलीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि आमच्या रेशनच्या गव्हाची पुडीही सोबत नेली. त्यांनी पुडी बाजूला ठेवली. डोकं पाहिलं, चार केस हलके ओढून बघितले आणि मुलीला विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? ताप? ऑपरेशन? बाळंतपण? जेवण बंद केलं होतं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

आता त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. डोक्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद वाढीला लागलेले असतात आणि एकेक केस वर्षानुवर्षं वाढतो. उरलेले विश्रांतीत असतात. ती विश्रांती साधारण तीन महिन्यांची, मग तो केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे नेहमीचंच. आता घरात तंगी आली की आपण काय करतो? दिवाळीची रंगरंगोटी थांबवतो, नवं लुगडं थांबवतो, चूल थांबवत नाही. शरीर तेच करतं. खाणं एकदम तुटलं की हृदय, मेंदू आधी सांभाळतं आणि केसांना म्हणतं, तुम्ही थांबा. एरवी दहा-पंधरा थांबलेले असतात, ते तीस किंवा त्याहून जास्त थांबतात. आणि तीन महिन्यांनी सगळे मिळून गळतात. आज पडलेला केस ही तीन महिन्यांपूर्वीची बातमी असते. त्यामुळे कारण कोणाच्या ध्यानातच येत नाही, आणि बिचाऱ्या शाम्पूला शिव्या बसतात.

चांगली गोष्ट अशी की मूळ मरत नाही. डोकं विरळ होतं, गुळगुळीत टक्कल पडत नाही. खाणं नीट झालं की काही महिन्यांत केस परततात. टायफॉईड, डेंग्यूनंतर हेच होतं, बाळंतपणानंतर होतं, २०२१ च्या कोरोनानंतर कितीतरी जणींना झालं.

बाहेर रिक्षात बसताना मुलगी म्हणाली, "मला भूक लागते हे मी तुला तीन महिने सांगत होते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

हाच अनुभव मी मागच्या बैठकीत सांगितला तेव्हा धुण्याभांड्याची कामं करणारी एक जण उठली. म्हणाली, "आमचे केस तं कधीचेच गेले बाई. आमाले तं कोनं पावडर बी नाई देल्ली." त्या दिवशी मी घरी जाऊन या भाषणाचा कागद फाडला आणि पुन्हा लिहिला. कारण तिचं खरं होतं. माझी मुलगी पैसे देऊन उपाशी राहिली. सोयाबीन सोंगायला जाणारी बाई फुकटच उपाशी राहते. सकाळी चहा, दुपारी भाकर आणि मिरची, रात्री सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते. वर सोमवार, चतुर्थी, एकादशी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, रक्तक्षयी निघाल्या. लोह कमी पडलं की केसही विरळ होतात. त्या बाईला कोणी 'डाएट' म्हणत नाही, इतकाच फरक.

आणि बाईच्या केसांशी समाजाचं नातं काय ते आपल्याला माहीत आहे. नवरा मेला की जबरदस्तीनं काढायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत नाभिकांना एकत्र केलं, विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही म्हणून. आणि लग्नाची मुलगी असली की तेच केस लांबसडक, दाट पाहिजेत. शेगावकडच्या गावांतून बातम्या आल्या, मुली शरमेनं कॉलेजात जाईनात, ठरत आलेली लग्नं अडली. आमच्याकडेही तेच. ज्या घराला मुलगी भरलेली वाटली होती, ते फेब्रुवारीत पुन्हा आले. वजन पसंत पडलं. मुलाच्या मावशीनं वेणी हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, केस फारच पातळ आहेत. मुलीनं वेणी सोडवून घेतली आणि उठून आत गेली. चहा मी एकटीनं दिला.

आता उपयोगाचं. पावडरीचा आहार चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि पोटभर जेवायला लागा. डाळ, उसळ, अंडी, दूध, जे परवडेल ते, सोल्यांच्या दिवसांत सोले. हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉईड तपासून घ्या. केसांच्या गोळ्या मनानं आणू नका. सेलेनियम किंवा अ जीवनसत्त्व जास्त झालं तर त्यानंच केस गळतात. गोल चट्टे पडले, खाज किंवा जखमा असल्या, पाळी बंद झाली किंवा गळणं सहा महिन्यांपुढे गेलं, तर घरी बसू नका. साखर आहे, गुडघे दुखतात, वजन खरंच कमी करायचंय अशाही जणी इथं आहेत. त्यांनी करावं, पण हळूहळू, आठवड्याला अर्धा किलो, जेवून.

मुलीच्या कपाळावर जूनमध्ये बारीक बारीक केस उभे राहिले. ती ते दाबून बसवत नाही. बघण्याचे कार्यक्रम तिनं बंद केलेत, आणि केंद्राची पावती तिनं स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर, मला दिसेल अशी चिकटवून ठेवली आहे. मी काढलेली नाही.

मंगळवारी इथंच हिमोग्लोबिनची तपासणी आहे, दुपारी दोनपासून. कितीतरी जणी विचारताहेत, उपाशी यायचं का म्हणून. नाही. जेवून या.