'रन' म्हणजे केवळ धावणे नव्हे
(शिक्षक संमेलनातील भाषण)



आजच्या भाषणासाठी मी 'रन' हा एक लहानसा इंग्रजी शब्द निवडला आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. परंतु शब्द ठाऊक असणे निराळे आणि तो कळणे निराळे.

प्रथम माझीच चूक सांगतो. मी वर्गशिक्षक असताना फळ्यावर 'रन म्हणजे धावणे' असे लिहून मुलांकडून ते पाठ करून घेतले. पुढे 'हिज नोज इज रनिंग' हे वाक्य आले, तेव्हा एका मुलाने 'त्याचे नाक धावत आहे' असा अर्थ सांगितला. वर्ग हसला, आणि सांगावयास संकोच वाटतो, मीही हसलो. त्यानंतर तो मुलगा इंग्रजीच्या तासाला आपण होऊन कधी बोलला नाही. मी शिकविलेलाच अर्थ त्याने प्रामाणिकपणे लावला होता. चूक त्याची नव्हती, फळ्यावरची होती.

या शब्दाचा पसारा केवढा आहे पाहा. मुलगा 'रन' करतो तेव्हा धावतो; नदी किंवा नाक 'रन' होते तेव्हा वाहते; धुताना कापडाचा रंग 'रन' होतो तेव्हा तो सुटून पसरतो; दुकानदार दुकान 'रन' करतो म्हणजे चालवितो; रस्ता काठाकाठाने 'रन' होतो म्हणजे जातो. पुढे 'आऊट' जोडले की घरातील तेल संपते. अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. इंग्लंडमधील उमेदवार मात्र आपल्याकडच्याप्रमाणे उभा राहतो. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा त्यात सर्वांत मोठी नोंद 'सेट' या शब्दाची होती. नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्यास मागे टाकले. या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे ऐकून धीर सोडण्याचे कारण नाही. हे सारे अर्थ एकाच मुळाच्या फांद्या आहेत. या शब्दाच्या प्राचीन रूपात धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ होते. जर्मन भाषेतील त्याचे भावंड 'रिनेन' आजही वाहणे याच अर्थी वापरतात. अखंड पुढे जाणारी गती हे त्याचे बीज. ते एकदा मनात रुजले की पुष्कळ अर्थ मूल स्वतःच ओळखते.

शिवाय आपल्या मुलांना हे नवे नाही. आपले 'चालणे' घ्या. मूल चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, खोटे नाणे चालत नाही, आणि पाहुण्यास आपण 'चहा चालेल का?' असे विचारतो. यांपैकी कोठेही मुलाचा गोंधळ होत नाही; कारण त्याने हा शब्द वाक्यांत ऐकलेला असतो, यादीत नव्हे. गंमत अशी की, इंग्रजाचे दुकान धावते आणि आपले चालते!

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, फळ्यावर शब्दापुढे एकच मराठी अर्थ न लिहिता शब्द नेहमी वाक्यात द्यावा. दुसरी, सर्व अर्थ एकदम सांगू नयेत. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो तेही दिले होते. अधिक वापरातला अर्थ आधी, हेच तत्त्व आपणही पाळावे. तिसरी, नवा अर्थ पुढे आला की 'येथे धावणे जुळते का?' असे विचारून मुलांनाच शोधू द्यावे.

आणि एखादे मूल 'नाक धावते' असे म्हणालेच, तर हसू नका. 'शाबास, आता सांग, मराठीत नाक काय करते?' असे विचारा. ते 'वाहते' असे सांगेल, आणि इंग्रजीबरोबर मराठीही थोडी अधिक शिकेल. मी त्या मुलाला हा प्रश्न विचारला नाही. आपण आपल्या मुलांना तो अवश्य विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.