भेटीनंतरची बातमी



मघाशी पत्रकारितेच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, पत्रकारांना परक्या देशात आठवडाभर फिरवून आणलं की त्यांना तो देश कळतो का?" त्यावरच बोलतो.

देश कळत नाही. पण कोणाला विचारायचं, हे कळतं. आमच्या धंद्यात त्याला फार किंमत आहे.

2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई आणि कराची इथल्या प्रेस क्लबांचे पत्रकार एकमेकांकडे जाऊन आले. 26/11 चे हल्लेखोर कराचीहूनच निघाले होते, त्यामुळे मुंबईकराच्या मनात कराचीचं एकच चित्र होतं. प्रत्यक्षात तिथे पूर्वीच्या बंदर रोडवर नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल उभं आहे. 1855 साली निघालेली ही सिंधमधली पहिली सरकारी शाळा. एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव ती आजही लावते. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता ना! या शहरात राहतात गुजराती बोलणारे मेमन आणि बोहरी, पारशी, गोव्याचे ख्रिस्ती, फाळणीत गेलेले मुहाजिर, पठाण, बलुच, आणि घरात मराठी बोलणारी, गणपती बसवणारी हिंदू कुटुंबंसुद्धा. एवढं पाहिल्यावर 'पाकिस्तानात संताप' असा मथळा द्यायला हात धजत नाही. कोणत्या वस्तीत, कोणाचा, कोणावर, हे आधी विचारावंसं वाटतं.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. बोट हद्दीपलीकडे गेली की पकडले जातात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षं काढतात. 2008 च्या करारानुसार दोन्ही सरकारं दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. यादीत नाव असतं. माणूस आजारी आहे का, शिक्षा संपूनही आत आहे का, हे घरच्यांना यादीतून समजत नाही. तिथल्या ओळखीच्या वार्ताहराला फोन केला, तर तो चौकशी करतो. ही ओळख अशा भेटींतूनच होते.

या भेटींच्या मर्यादाही सांगायला हव्यात. यजमान दाखवतील तेवढंच दिसतं आणि व्हिसा ठरावीक शहरांपुरता असतो. म्हणून तिथे राहून लिहिणारा बातमीदार लागतोच. मुंबईत वर्षानुवर्षं पत्रकारिता केलेल्या मीना मेनन 2013 मध्ये 'द हिंदू'च्या प्रतिनिधी म्हणून इस्लामाबादला गेल्या. परवानगी त्या एका शहरापुरती. मे 2014 मध्ये त्यांना आणि पीटीआय वृत्तसंस्थेच्या प्रतिनिधींना देश सोडायला सांगण्यात आलं. दोनच भारतीय पत्रकार तिथे होते, तेही गेले. मला याचं आजही मनापासून वाईट वाटतं, कारण त्यानंतर आपल्याकडे बातमी येते ती बहुतेक वेळा टीव्हीवरच्या आरडाओरड्यातून.

मेनन यांचं 'रिपोर्टिंग पाकिस्तान' हे पुस्तक 2017 मध्ये आलं. त्याची एक प्रत तुमच्या ग्रंथालयासाठी आणली आहे. जिने प्रश्न विचारला, तिने ती पहिल्यांदा घरी न्यावी, एवढी परवानगी प्राचार्यांनी द्यावी.